नानकटाई कढईत पसरते, तळ करपतो: शेवटी जमलं

ओव्हन नाही, कढईत मीठ घालून गॅसवर करते, पण दरवेळी नानकटाई पसरून चपटी आणि खालून काळी. सोडा कमी केला, मैदा वाढवला, उपयोग शून्य, चार वेळचा डालडा वाया गेला याचं फार वाईट वाटलं. चूक डालडा वितळवण्यात होती. आता अर्धी वाटी थिजलेला डालडा नि अर्धी वाटी पिठीसाखर (साखर घरीच मिक्सरला फिरवून) पांढरं हलकं होईपर्यंत हाताने फेसते, मग 1 वाटी मैदा, 2 चमचे बेसन, चिमूटभर सोडा चाळून, मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, गोळे 20 मिनिटं फ्रीजमध्ये. तोवर कढई झाकून मंद आचेवर 10 मिनिटं, आत स्टँड हवाच, ताटली मिठाला टेकली की करपलीच. झाकून 20-25 मिनिटं, कडा बदामी दिसल्या की गॅस बंद. तेव्हा मऊच लागते, हात लावू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते.