ठाण्याच्या खाडीवर जाताय? या चुका टाळा

रविवारी बाराच्या उन्हात माणसं खाडीवर येतात, काठोकाठ भरलेलं गढूळ पाणी पाहतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून पंधरा मिनिटांत गाडीत बसतात. त्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावस्या असली, तर बाराला दुसरं दिसणार तरी काय?

सुट्टी पाहून जाणं ही पहिली चूक. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती. चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, जेव्हा चिखल सर्वात लांबवर उघडा पडतो, तेव्हा इथली मोठी ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी येते. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे छोटी. पाणी फार मागे सरत नाही आणि खालचा चिखल झाकलेलाच राहतो. मी कॅलेंडरवर तिथी पाहून दिवस ठरवते आणि मगच सोबत्यांना फोन करते.

मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा खाडीत आत असलेल्या ऐरोली-विटाव्याला जशाच्या तशा लावू नका. पाणी आत पोहोचायला वेळ घेतं.

आता ज्या चुकीचा मला सर्वात जास्त राग येतो ती. ओहोटी लागली की कॅमेरा घेऊन थेट चिखलात उतरणं. गेल्या हिवाळ्यात तीन मुलं तिवरांच्या पलीकडे रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) दिशेने गेली. काठावरून आम्ही हाका मारल्या, त्यांनी हात हलवला. समोरचं पाणी लांब होतं, म्हणून ती निर्धास्त होती. पण भरती चिखलाच्या सपाटीवरून आधी येत नाही. चिखलात कापलेल्या नाळांमधून ती शिरते, म्हणजे माणसाच्या पाठीमागून. मुलं वळली तेव्हा घोट्याएवढी नाळ कमरेपर्यंत भरली होती आणि एकाचा पाय मांडीपर्यंत रुतला होता. एका कोळीकाकांनी होडी आणली. "आडवा पड, पाय ओढू नको," हे त्यांचं एकच वाक्य त्या पोराच्या कामी आलं. कॅमेरा गेला. दोन चांगल्या फोटोंसाठी पाण्याशी घाई करणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पाण्याच्या कडेला काठी रोवा. पाणी काठीपासून मागे सरायचं थांबलं, की कडक जमिनीवर परत या.

आणि आलात की निघू नका, बसा. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात प्रवाह सर्वात जोरात असतो. तो गाळ उचलतो, पाणी मातकट होतं. वेग मंदावला की तोच गाळ खाली बसतो, म्हणून प्रवाह संथ तिथे मऊ चिखल. त्या चिखलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि त्यावर ‘छोटा रोहित’ या जातीचे पक्षी पोट भरतात. पाणी चढलं की त्यांचं ताट झाकलं जातं आणि ते काठच्या पाणथळींकडे सरकतात. शिंपल्यातल्या कालवांचं उलट आहे. त्यांना दगड किंवा पुलाचा खांब लागतो, जिथे वाहतं पाणी अन्न तोंडाशी आणून देईल. चिखलात कालवं शोधणारे आणि खांबाकडे न पाहणारे मला दर हंगामात भेटतात. निवटे (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि ज्यांच्या नरांची एक नांगी मोठी असते ते खेकडे मात्र चिखल उघडा पडला की बिळांबाहेर येतात. तुम्ही चालत राहिलात तर ते आत, दहा मिनिटं स्थिर बसलात तर नर खेकडे नांगी हलवायला लागतात. भरती जवळ आली की खेकडे मातीने बिळाचं तोंड बुजवतात. माझं घड्याळ तेच.

उलटवलेला दगड होता तसाच ठेवा. बीळ उकरू नका. ड्रोन तर नकोच, थवा एकदा उठला की खायचे तास वाया जातात.

ऑगस्टमध्ये पाहिलेली खाडी जानेवारीच्या खाडीशी ताडून ‘जीव संपले’ असं म्हणू नका. पावसाळ्यात गोडं पाणी इतकं उतरतं की खारेपणा घटतो आणि माशांची जागा बदलते. रोहित तर बहुतेक हिवाळ्यात येतात, पावसाआधी जातात. खाडीचा काही भाग 2015 मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथल्या बोटफेरीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, त्यामुळे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा.