तीनचाकी, स्विंग कार आणि पहिली सायकल : या चुका टाळा

मुलाने स्वतःच्या हातापायांनी चालवायच्या गाडीबद्दल पालकांची तक्रार बहुधा एकच असते : गाडी नवीकोरी आहे, पण चालत नाही. मग घरात कुणी म्हणतो, मुलाला अजून जमत नाही. कुणी म्हणतो, नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला. आणि या वादात गाडी गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागे जाऊन पडते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. दहा-पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात जेवढे बळ असते तेवढ्यावरच ही गाडी चालायची असते, आणि ते बळ चाकापर्यंत व चाकापासून जमिनीपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत कुठेतरी वाया जाते. म्हणून पाना हातात घेण्याआधी ते कुठे वाया जाते हे पाहावे.

तीनचाकी : मोठे चाक म्हणजे चांगली गाडी नव्हे

साध्या तीनचाकीत पेडल थेट पुढच्या चाकाच्या दांड्यावर असते. मध्ये चेन नाही, फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) नाही. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. चाकाचा व्यास २५ सेंमी असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ७८ सेंमी पुढे जाते, आणि मुलाने मिनिटाला साठ फेरे मारले तरी वेग ताशी तीन किलोमीटरच्या आतच राहतो. हा वेग पाहून अनेक पालक पुढच्या वेळी मोठ्या चाकाची गाडी आणतात आणि फसतात. पेडलचा क्रँक (चाकाच्या मध्यापासून पेडलपर्यंतचा दांडा) ८ सेंमी धरला, तर २५ सेंमीच्या चाकावर पायाच्या जोराचा सुमारे ६४ टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. तोच क्रँक ३० सेंमीच्या चाकावर असेल तर ५३ टक्के. दोन वर्षांच्या मुलासाठी हा फरक गाडी सुटणे आणि जागीच अडून बसणे यांच्यातला असतो.

अडून बसण्याचे दुसरे कारण पेडलची जागा. पायाचा जोर ज्या रेषेत जातो त्याच रेषेत क्रँक आला की कितीही रेटले तरी चाक फिरत नाही. मूल नेमके तिथे थांबलेले असेल तर ते रडकुंडीला येते आणि गाडी जाम झाली असे घरच्यांना वाटते. एक पेडल वर आणि किंचित पुढे आणून द्यावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच गाडी सुटते. सीट मागेपुढे करता येत असेल तर पेडल सर्वांत दूर असताना गुडघा जरासा वाकलेला राहील एवढ्या अंतरावर ती लावावी. सीट फार मागे असेल तर पाय पुरत नाही आणि जोर लावताना मूल स्वतःच मागे सरकते. फार पुढे असेल तर वळताना गुडघे हँडलला आपटतात.

सीट मागे लावण्याचा आणखी एक तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तीनचाकीचे चालवणारे चाक पुढचे असते, आणि जमिनीवरची पकड त्या चाकावर किती भार पडतो यावर ठरते. सीट मागे गेली, मागच्या पट्टीवर धाकटे भावंड उभे राहिले, किंवा आजोबांनी ढकलायचा मागचा दांडा खाली दाबून धरला, की भार मागच्या चाकांवर जातो आणि पुढचे प्लास्टिकचे चाक गुळगुळीत फरशीवर जागच्या जागी फिरते. चढावर भार आपोआपच मागे जातो, त्यामुळे तिथे हे हमखास होते. टायरवर रबराची पट्टी असलेली किंवा मऊ फोमच्या टायरची गाडी घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो, शिवाय खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येत नाही.

पेडल फिरते, चाक फिरत नाही

हा बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे. पुढचे चाक काढल्यास दिसते की क्रँकचा लोखंडी दांडा चाकाच्या मधोमध असलेल्या प्लास्टिकच्या तुंब्यातून आरपार जातो, आणि दांड्याचा चपटा किंवा वाकवलेला भाग तुंब्याच्या तशाच आकाराच्या खाचेत बसतो. मुलाचा सगळा जोर त्या बोटभर खाचेवर येतो. नट सैल राहिला, किंवा मोठ्या भावाने दोन-तीनदा गाडीवर बसून दामटली, की खाचेच्या कडा झिजून ती गोल होते आणि दांडा आतल्या आत फिरू लागतो. अशा वेळी घरोघरी डिंक, एम-सील किंवा सुतळी भरण्याचे उपाय होतात. ते आठवडाभरही टिकत नाहीत, कारण तिथे प्रत्येक फेऱ्याला आलटून पालटून उलटसुलट पीळ बसतो. तुंबा किंवा चाकच बदलावे. मिळत नसेल तर दांडा आणि तुंबा यांना आरपार बारीक छिद्र पाडून त्यात बोल्ट घालण्याचे काम एखादा फॅब्रिकेशनवाला करून देऊ शकतो. मात्र बोल्टचे टोक बाहेर राहू देऊ नये.

मागची चाके निसटत असतील तर दांड्याच्या टोकाला ठोकलेली पत्र्याची टोपी पाहावी. तिचे आतले दात दांड्याला एकदाच धरतात. ती उचकटून काढली आणि पुन्हा हातोडीने ठोकली तर घट्ट बसल्यासारखी दिसते, पण पकड गेलेली असते; म्हणून दर वेळी नवी टोपी वापरावी.

तेलाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. अशा गाड्यांत बहुधा बेअरिंग नसते, प्लास्टिकची बुश (नळी) लोखंडी दांड्यावर फिरते. तिथे भरपूर तेल सोडले की आपल्याकडची काळी माती त्यात मिसळून खरकागदासारखी झीज करते. घरातले खोबरेल तेल तर अजिबात घालू नये. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे त्याहून कितीतरी थंड असतात. चाक काढून दांडा कोरड्या कापडाने पुसावा, गुंडाळलेले केस आणि दोरे ब्लेडने कापून काढावेत आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब लावून पुन्हा पुसून घ्यावा. केरोसीन आणि पेट्रोल प्लास्टिकपासून दूर ठेवावे.

उतार

तीनचाकीला ब्रेक का नाही, असे पालक विचारतात. फ्रीव्हील नसल्यामुळे पेडल थोपवले की चाकही थांबते, हाच तिचा ब्रेक, आणि सपाट जागेवर तो पुरतो. उतारावर मात्र चाकच पेडलला फिरवू लागते. पाय सुटतात, पेडल गरगरत पिंढरीवर आपटते आणि थांबवायला काहीच उरत नाही. गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागातल्या नव्या इमारतींत खेळायची मोकळी जागा आणि तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प शेजारी शेजारी असतात. मोटारी येत नाहीत त्या वेळीही त्या रॅम्पवर मुलाला तीनचाकी किंवा स्विंग कार (हँडल हलवून चालवायची गाडी) नेऊ देऊ नये. वेगात हँडल वळवले की तीनचाकी पुढचे चाक आणि बाहेरच्या बाजूचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटते, आणि सीट जितकी उंच तितकी ती लवकर उलटते.

पालकांनी धरायच्या मागच्या दांड्याबद्दलही हेच लागू आहे. मुलाचे पाय पेडलवर असताना मोठ्या माणसाच्या चालीने गाडी ढकलली तर पेडल पायांना ओढत नेते. पुढच्या चाकावर पेडल सुटे करणारी कळ असल्यास ती आधी सोडावी. नसल्यास पाय पायपट्टीवर ठेवायला लावावेत.

स्विंग कार : न पेडल, न बॅटरी

हँडल डावीउजवीकडे हलवले की ही गाडी पुढे पळते, आणि कशी पळते हे न कळल्यामुळेच तिच्याबद्दलच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात. गाडी उलटी करून पाहावी. हँडलचा दांडा सरळ खाली येतो, पण त्याला जोडलेली दोन छोटी चाके त्याच्या बरोबर खाली नसतात. आडव्या पट्टीवर ती दांड्यापासून थोडी सरकवून बसवलेली असतात. हँडल वळवले की ही चाके दांड्याभोवती कमानीत बाजूला ढकलली जातात. चाक पुढेमागे सहज गडगडते, पण आडवे घसरत नाही. म्हणून जमीन त्या आडव्या धक्क्याला विरोध करते, आणि चाके त्या क्षणी तिरकी असल्यामुळे त्या विरोधाचा काही भाग गाडीला पुढे ढकलतो. मागची दोन चाके गाडीचे अंग बाजूला सरकू देत नाहीत. हँडल दुसरीकडे वळवले की तेच पुन्हा घडते.

एवढे कळले की बहुतेक बिघाडांची कारणे आपोआप सुटतात. गाडी मागे जाते अशी तक्रार असेल तर हँडल अर्धा फेरा उलटे बसले आहे. चाके दांड्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे तोच धक्का गाडीला मागे नेतो. हँडल अर्धा फेरा फिरवून द्यावे, स्क्रू काढायची गरज नाही. हँडल हलते पण गाडी जागेवरच डुलते, तर आडवी पकड मिळत नाही. फरशीवर धूळ, पावडर किंवा तेलाचा ओशट थर असेल तर तो पुसावा आणि चाकेही ओल्या फडक्याने पुसून वाळवावीत. खडबडीत पेव्हर ब्लॉकवर, गालिच्यावर आणि गोल्फ क्लब मैदानाच्या मातीवर ही गाडी चालणारच नाही, कारण तिथे छोटी चाके गडगडण्यातच मुलाचे सारे बळ जाते. त्यात गाडीचा दोष नाही. मुलाचे पाय जमिनीला घासत असतील तर ते पायपट्टीवर ठेवायला सांगावे. आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवायला शिकवू नये; घड्याळातल्या दहा आणि दोनच्या आकड्यांमध्ये, एका तालात हलवले तर गाडी अधिक पळते.

सर्वांत पुढची दोन चाके जमिनीला टेकत नाहीत म्हणून ती खाली ठोकून बसवण्याचा उद्योग काही जण करतात. ती किंचित अधांतरीच हवीत. गाडी पुढे कलंडू लागली तर टेकण्यासाठी ती दिलेली असतात. कायम टेकली तर छोट्या चाकांवरचा भार जातो आणि गाडी ठप्प होते.

पहिली सायकल

नाशिकला सायकलचे वेड आहे. इथल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्याने निघणाऱ्या मोठ्या माणसांच्या सायकलींची देखभाल नीट होते. त्यांच्याच मुलांच्या बारा किंवा सोळा इंची सायकलींना मात्र खोक्यातून काढल्यावर पुन्हा पाना लागत नाही.

पहिली चूक खरेदीतली, कपड्यांसारखी वाढत्या मापाची सायकल घेण्याची. शिकणाऱ्या मुलाचे पाय सीटवर बसून जमिनीला टेकले पाहिजेत. दुसरी चूक जोडणीतली. खोक्यात जागा वाचावी म्हणून फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) अनेकदा उलटा फिरवलेला असतो आणि घाईत तसाच राहतो. मग मुलाचा पाय पुढच्या चाकाला अडतो आणि हँडल विचित्र वागते. फोर्कचा बाक पुढे असला पाहिजे. तिसरी चूक पेडलची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि दांड्याच्या टोकावर डाव्या-उजव्याची खूण असते. ती न पाहता जोराने फिरवले की क्रँकचे आटे खराब होतात आणि पेडल कायमचे डुगडुगते. दोन्ही बाजूंना पान्याचा वरचा भाग पुढच्या चाकाकडे फिरवला की पेडल घट्ट होते, मागे फिरवला की सुटते.

साइडची चाके हा खरा वादाचा विषय. दोन्ही चाके घट्ट जमिनीला टेकवली तर जमिनीच्या खोलगट भागात सायकल त्यांच्यावरच उभी राहते, मागचे चाक अधांतरी फिरते, पेडल चालते पण सायकल हलत नाही, आणि मागचा ब्रेकही लागत नाही. प्रत्येक बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटर फट ठेवावी. माझ्या मते तर ती चाके लावूच नयेत. दुचाकी वळणात आत झुकते. साइडची चाके हे झुकणेच बंद करतात आणि मूल तीनचाकीसारखे नुसते हँडल वळवायला शिकते, ते नंतर विसरावे लागते. कार्ल फॉन द्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीत बनवलेल्या पहिल्या दुचाकीला पेडलच नव्हते, माणूस पायांनी जमीन ढकलत जाई. तोल सांभाळायला तीच रीत अजूनही उत्तम आहे : दोन्ही पेडल काढावेत, सीट पूर्ण खाली करावी आणि मुलाला पायांनी ढकलत फिरू द्यावे. पाय उचलून सायकल सरळ जाऊ लागली की पेडल परत बसवावेत.

चेन बोटाने मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर हलावी. त्याहून ताणलेली असेल तर पेडल जड जाते, सैल असेल तर चेन उतरते. मागचे चाक सरकवून हे जुळवताना चाक तिरके राहिले नाही ना, ते चेन कव्हर बसवण्यापूर्वी पाहावे. ब्रेकची मूठ मुलाच्या बोटांत येते का, हेही मुलालाच दाबायला लावून पाहावे. बहुतेक मुठींना ती आत आणणारा छोटा स्क्रू असतो.

घेताना आणि टाकताना

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक लागू होते, त्यामुळे तीनचाकी आणि स्विंग कारच्या खोक्यावर तो क्रमांक शोधावा. वजनाची मर्यादाही वाचावी. मोठ्या मुलाने एकदा बसून पाहिले की झालेला तडा लगेच दिसत नाही.

गच्चीवर वर्षभर उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते. रंग फिका पडून पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येऊ लागली असेल, तर फोर्क जिथे अंगाला जोडला जातो तो भाग दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. तिथे केसाएवढी रेघ दिसली तरी गाडी दुरुस्त करत बसू नये आणि कुणाला वापरायलाही देऊ नये. चाके, नट आणि दांडा काढून ठेवावेत, बाकीचे भंगारात द्यावे.