कोकण किनाऱ्यावरची साहसी शर्यत जोडीने कशी पूर्ण करावी

साहसी शर्यत म्हणजे चालणे-धावणे, सायकल, कायाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) आणि नकाशा वाचून वाट शोधणे या सर्वांची सलग परीक्षा होय. जोडीच्या गटात दोघांनी बरोबरच राहायचे असते आणि शेवटच्या रेषेवर मागून येणाऱ्याची वेळ धरली जाते. त्यामुळे जोडीचा वेग हा नेहमी त्या क्षणी दमलेल्या जोडीदाराचा वेग असतो. कोकणात याला आणखी एक हिशेब जोडला जातो, तो भरती-ओहोटीचा. घाटमाथ्यावर सराव करून किनाऱ्यावर उतरणाऱ्या जोड्या पायांनी क्वचितच कमी पडतात. त्या कमी पडतात त्या या दोन हिशेबांत.

जोडीदार निवडताना त्याचा वेग पाहण्यापेक्षा, त्रास होऊ लागताच तो बोलतो की नाही, हे पाहावे. पायाला फोड येतो आहे हे दहाव्या किलोमीटरला सांगणारा मित्र पाच मिनिटांचा खोळंबा करतो, पण तेच विसाव्या किलोमीटरला सांगणारा शर्यत घालवतो. शर्यत केवळ पूर्ण करायची आहे की क्रमांकासाठी धावायचे आहे, हेही नाव नोंदवण्यापूर्वीच मोकळेपणाने ठरवून घ्यावे, कारण थकलेल्या अवस्थेत या प्रश्नावर एकमत होत नाही.

भरतीचा अंदाज घेण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी. चालू तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हा अंदाजच असल्याने शर्यतीच्या आठवड्यात जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून तो पक्का करावा, आणि खाडीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा चढते व उशिरा उतरते, हे ध्यानात ठेवावे. पाणी उतरण्याचा वेगही सारखा नसतो. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलते, तर मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी निघून जाते, आणि खाडीतला प्रवाह त्याच वेळी सर्वांत जोरदार असतो.

टप्प्यांचा क्रम आयोजक ठरवतात हे खरे, तरीही जोर कोठे लावायचा आणि कोठे राखायचा हे आपल्याच हाती असते. पौर्णिमेच्या आसपासची शर्यत असेल तर पहाटे पाचच्या सुमाराला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, रुंद आणि घट्ट मिळते, सकाळी चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जाणे सोपे जाते, आणि उधाणामुळे, म्हणजे पाण्याचा चढ-उतार मोठा असल्यामुळे, प्रवाहाची मदतही भरपूर मिळते. अष्टमीला चित्र उलटे होते. सकाळी सहाला पूर्ण भरती असल्याने उतरत्या पाण्याबरोबर खाडीतून समुद्राकडे यावे आणि किनाऱ्यावरची चाल दुपारी करावी. मात्र भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी असल्याने प्रवाहावर फार विसंबू नये. वाऱ्याचाही विचार याच हिशेबात करावा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. दुपारच्या वाऱ्यासमोर ओहोटीचे पाणी बाहेर पडत असेल, तर खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तेथून कायाक नेण्यापेक्षा पाणी स्थिरावेपर्यंत थांबलेले बरे, आणि असे थांबणे भित्रेपणाचे नसून हिशेबाचे असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अंजर्ल्याच्या खाडीत सराव करताना आम्ही दोघांनी परतीला उशीर केला, पाणी उतरले, आणि कायाक खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या) कडेला चिखलात बसली. उतरून ओढू लागलो तेव्हा गुडघ्यापर्यंत पाय रुतले, मित्राची एक सपात चिखलाने गिळली आणि पुढच्याच पावलाला कालवांच्या शिंपीने त्याचा तळवा चिरला. दोनशे मीटर अंतराला आम्हाला पाऊण तास लागला. तेव्हापासून पाण्याच्या टप्प्यातही आम्ही नाडी घट्ट बांधलेले बूट घालतो, कारण कालवे कातळावरही असतात आणि चिखलाखालीही.

दोघांच्या कायाकमध्ये मागच्याने दिशा सांभाळावी आणि पुढच्याने ठेका धरावा. मागच्याने पुढच्याच्या वल्ह्याकडे पाहूनच वल्हे टाकावे, अन्यथा वल्ही एकमेकांवर आपटतात. कायाक उलटवून पुन्हा वर चढण्याचा सराव उथळ पाण्यात दहा-बारा वेळा करावा. एकाने एका बाजूने कायाक दाबून धरावी आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूने पोटावर सरकत वर यावे. लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे बांधलेले असावेत. उकडते म्हणून ते मोकळे सोडणारे पुष्कळ दिसतात, आणि पाण्यात पडल्यावर तेच जॅकेट त्यांच्या कानांपर्यंत वर येते.

सायकलच्या सरावासाठी दापोलीहून आसूदमार्गे हर्णैला उतरून पुन्हा वर चढण्याची फेरी मला सर्वांत उपयोगी वाटते. उतारावर जांभ्याची लाल धूळ आणि सुटे खडे असतात, म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करावा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सावली नसते, आणि पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात कातळातले खड्डे दिसत नाहीत. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्या सावलीत शेवाळलेल्या असतात, त्यामुळे तेथे सायकल खांद्यावर घेऊनच उतरावे. करवंदीच्या काट्यांसाठी दोन जादा ट्यूब जवळ असाव्यात. पुळणीवर सायकल चालवावी लागली, तर टायरमधील हवा थोडी कमी करून पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरून जावे, परंतु चाके लाटेत घालू नयेत. चढावर मागे पडणाऱ्याला सीटच्या दांड्याला बांधलेल्या ताणणाऱ्या दोरीने ओढता येते. त्यासाठी नियमांत मुभा आहे का हे आधी पाहावे, आणि उतार लागताच दोरी सोडावी.

नकाशा एकाने वाचावा आणि दुसऱ्याने तपासावा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. आपल्या शंभर मीटरला किती पावले पडतात हे दोघांनीही मोजून ठेवावे. होकायंत्राच्या बाबतीत कोकणात एक सोय आहे, ती म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम एका अंशाच्या आसपास फरक असल्याने तो व्यवहारात सोडून देता येतो. वाट चुकल्याची शंका आल्यास पुढे न रेटता, खात्रीने ओळखता आलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. नवी घरे आणि कुंपणे यांमुळे नकाशावरची पाणंद बंद झालेली असू शकते. अशा वेळी कोणाच्या परसातून किंवा बागेतून परवानगीशिवाय जाऊ नये.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर हिवाळ्यातही किनाऱ्यावर दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि मीठ बरेच जाते. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात मीठ घातलेले कोकम सरबत किंवा जलसंजीवनी, आणि दर अर्ध्या तासाला चिक्की, खजूर किंवा गूळ-शेंगदाणे यांचा एक घास घ्यावा. सरावात न खाल्लेला कोणताही पदार्थ त्या दिवशी खाऊ नये.

ओझ्याची वाटणी मात्र कायमची ठरवू नये. सायकलवर जो जोरात असतो तो चालण्यात मागे पडू शकतो, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला पिशव्यांची अदलाबदल करावी. मित्राची विचारपूस करताना ‘‘ठीक आहेस ना?’’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘‘हो’’ असेच येते. त्याऐवजी ‘‘शेवटचं पाणी कधी प्यायलास रे?’’ असे विचारावे. तो आठवू लागला, की तेथेच दोन मिनिटे थांबून त्याची पिशवी आपल्याकडे घ्यावी.

शर्यत संपल्यावर फोटो निघण्याआधी सायकली गोड्या पाण्याने धुवाव्यात, साखळ्या पुसून त्यांना तेल द्यावे. खाऱ्या पाण्याचा गंज दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.