स्तनाच्या कॅन्सरनंतर कामावर परतताना: या चुका टाळा

शेवटचं रेडिएशन शुक्रवारी झालं आणि सोमवारी मी कामावर हजर. तो सोमवार मी तीन महिने आधीच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवला होता. बुधवारी दुपारी बाथरूमचं दार लावून वीस मिनिटं आत बसून राहिले, कारण खुर्चीत ताठ बसवतच नव्हतं. गुरुवारी पुन्हा रजा टाकली. ती टाकताना जे वाटलं ते किमोच्या दिवसांतही वाटलं नव्हतं: आपण आता कामाच्या उरलो नाही.

सगळा घोटाळा त्या लाल गोलाचा होता, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तारीख उपचारांच्या वेळापत्रकावरून ठरवणं

रेडिएशनचा थकवा साठत जातो. शेवटच्या आठवड्यात आणि रेडिएशन संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो, मग हळूहळू ओसरतो. म्हणजे मी नेमका सर्वांत वाईट आठवडा निवडला होता. त्याआधी किमो झालेली असेल तर ओसरायला आणखी वेळ लागतो.

दुसरं असं की ‘उपचार संपले’ हे वाक्य बऱ्याच जणींच्या बाबतीत अर्धंच खरं असतं. गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असेल, तर त्यावर मारा करणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाची इंजेक्शनं साधारण वर्षभर चालतात, बहुतेकदा दर तीन आठवड्यांनी, आणि मधूनमधून हृदयाची इको तपासणी. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारी असेल, तर तो जोर तोडणारी टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांपैकी एखादी गोळी (हिलाच पुढे मी हार्मोनची गोळी म्हटलंय) ५ ते १० वर्षं. या गोळ्या बऱ्याचदा आपण कामावर परततो त्याच सुमारास सुरू होतात. मग टेबलाशी बसायला लागल्यावर बोटं, गुडघे आखडू लागतात, मीटिंगच्या मधेच अंगातून गरम वाफा निघतात, आणि दोष जातो कामाला. ‘मला आता हे काम झेपत नाही’ असं म्हणण्याआधी नवी गोळी कधी सुरू झाली ती तारीख एकदा बघा.

फ्रान्समधल्या कॅन्टो या अभ्यासात, निदान झालं तेव्हा नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला अजून अवकाश असलेल्या १,८७४ स्त्रियांचा मागोवा घेतला होता. निदानानंतर दोन वर्षांनीही त्यांतल्या सुमारे २१ टक्के जणी कामावर नव्हत्या. या सगळ्या पहिल्या ते तिसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे आजार दूर पसरलेला नसलेल्या स्त्रिया. तेव्हा तुम्हाला वेळ लागत असेल तर तुम्ही नाजूक आहात म्हणून लागतोय असं समजू नका.

तारीख कशी ठरवायची? डॉक्टरांना नुसतं ‘कधीपासून जाऊ?’ असं विचारलं की उत्तरही मोघम मिळतं. काम काय आहे ते सांगा: दिवसाला किती तास उभं राहायचं, किती वजन उचलायचं, गाडी चालवायची का, रात्रपाळी आहे का, संसर्ग होण्याजोग्या माणसांत वावर आहे का. आणि परतण्याआधी दोन आठवडे घरीच रंगीत तालीम करा. कामाच्या वेळेला उठा, तयार व्हा, तीन तास एका जागी बसून डोकं लागेल असं काहीतरी करा, एकदा गर्दीच्या वेळी कामापर्यंत जाऊन परत या. त्या दिवशी कसं वाटलं याला फार महत्त्व देऊ नका, उत्साहात माणूस काहीही करतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं ते वहीत लिहा.

थकव्यावर ‘आराम कर’ हे औषध समजणं

हा थकवा झोपून जात नाही. रात्रभर झोपूनही सकाळी उठताना अंग शिशाचं वाटतं. म्हणून आपण आणखी झोपतो, स्नायू आणखी ढिले पडतात आणि थकवा वाढतो. यावर सर्वांत भक्कम पुरावा कशाचा असेल तर व्यायामाचा: आठवड्यातून तीनदा अर्धा तास, थोडी धाप लागेल पण बोलता येईल इतपत चालणं, निदान तीन महिने. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच जमली तर दहा मिनिटं. मला हे कुणी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा राग आला होता. जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या बाईला काय व्यायाम सांगता? पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात फरक पडला हे खरं.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे बऱ्या दिवशी सगळं उरकून घेणं. एक दिवस बरं वाटतं, तेव्हा साठलेलं सगळं काम ओढायचं आणि पुढचे दोन दिवस आडवं व्हायचं. शक्तीच्या बाबतीत अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. बऱ्या दिवशीही ठरल्याइतकंच काम करा, आणि विश्रांती थकण्याआधी घ्या.

कामाचे तास वाढवताना पायऱ्या लहान ठेवा. सुरुवातीला आठवड्यातले तीन दिवस, रोज तीन-चार तास, मधे एकेक दिवस मोकळा, असं जमत असेल तर उत्तम. दोन आठवडे टिकलं की वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट: तास वाढवले तर दिवस वाढवू नका, जबाबदारी वाढवली तर तास तेवढेच ठेवा. दोन्ही एकदम वाढवलं आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

एवढं करूनही गाडी पुढे सरकत नसेल तर अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी हे चार चोर तपासून घ्या. किमोनंतरचा रक्तक्षय किंवा मंदावलेला थायरॉइड ‘कॅन्सरचा थकवा’ या नावाखाली कित्येक महिने लपून राहू शकतो, आणि दोन्हींवर सरळ उपचार आहेत.

आणि घर! कामावर अर्धा दिवस गेलात म्हणून उरलेला अर्धा दिवस घरकामाला मोकळा झाला, असा हिशेब घरातली माणसं करतात, बऱ्याचदा आपणही करतो. कामाचे तास मोजताना घरचे तास त्यात धरलेच पाहिजेत.

विसरभोळेपणा लपवणं

शब्द ओठावर येऊन अडकतो. ईमेल अर्धी लिहिली की कशासाठी उघडली तेच आठवत नाही. दोन माणसं एकदम बोलली की काहीच डोक्यात शिरत नाही. किमोनंतर हे पुष्कळ जणींना होतं, हार्मोनच्या गोळ्यांवरही काहींना जाणवतं, आणि बहुतेकींमध्ये महिन्यांच्या हिशेबात सुधारतं. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र कधीकधी सगळं नॉर्मल येतं. त्याने गोंधळून जाऊ नका. शांत खोलीत एका वेळी एकच प्रश्न सोडवणं वेगळं, आणि फोन वाजत असताना हिशेब जुळवणं वेगळं.

लपवण्यात इतकी शक्ती जाते की मूळ कामाला ती उरत नाही. त्यापेक्षा उघडपणे कागदाचा आधार घ्या. तोंडी सांगितलेलं काम ‘मला दोन ओळी लिहून पाठवता का?’ एवढं म्हणून लेखी करून घ्या. वही एकच ठेवा, पाच चिठ्ठ्या नकोत. डोकं लागणारं काम तुमच्या चांगल्या तासांत घ्या, बहुतेकींना ते सकाळचे असतात. एका वेळी एक काम, संगणकावरच्या बाकीच्या खिडक्या बंद. रात्री घामाने तीनदा जाग येत असेल तर आधी झोपेचा बंदोबस्त करा. अर्धी विस्मृती तिथेच असते.

हाताला जपायचं म्हणून हात वापरणंच सोडणं

ऑपरेशनमध्ये काखेतल्या सगळ्या लसिका गाठी (प्रत्येकाच्या काखेत असतात त्या, कॅन्सरच्या नव्हेत) काढल्या असतील तर साधारण पाचांतल्या एकीला पुढे कधीतरी हाताला सूज येते, म्हणजे लिम्फिडीमा होतो. फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासायला काढल्या असतील तर ही शक्यता बरीच कमी. या भीतीने कित्येक जणी वर्षानुवर्षं पाण्याची बाटलीसुद्धा त्या हाताने उचलत नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांना घेऊन चाचणी केली. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. वर्षअखेरीला त्यांच्यात सूज वाढली नव्हती, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग दुसऱ्या गटाच्या निम्म्याने होते. कळीचा शब्द ‘हळूहळू’. सहा महिने हात न वापरता पहिल्याच दिवशी फायलींचा गठ्ठा उचलला तर दुखणारच. उचलण्या-ठेवण्याचं काम असलेल्यांनी परतण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे काही आठवडे हात तयार करून घ्यावा.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखं वाटू लागलं आणि हात वर जाईना, तर घाबरू नका. ते पुष्कळ जणींना होतं आणि ताण देण्याच्या व्यायामांनी सुटतं. हात तसाच आखडून ठेवला तर मात्र खांदा धरतो.

उलट टोकाची चूक म्हणजे सूज दिसूनही थांबणं. अंगठी घट्ट होणं, बाहीची खूण उमटणं, हात जड वाटणं, ही सुरुवात. या टप्प्यावर दाबपट्टीची बाही आणि योग्य मालिश यांचा खूप उपयोग होतो, सूज जुनी होऊन घट्ट झाली की तेवढा होत नाही. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर ते संसर्गाचं लक्षण आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मीटिंग संपायची वाट बघू नका.

किमोमध्ये पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल ही औषधं घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा राहू शकतो. टायपिंगला मोठा कीबोर्ड किंवा बोलून लिहिण्याची सोय घ्या. गरम भांडी, धारदार हत्यारं हाताळणाऱ्यांनी डोळ्यांवर भिस्त ठेवावी, बोटांच्या टोकांवर नको.

सगळ्यांना सगळं सांगणं, किंवा कुणालाच काही न सांगणं

मी पहिल्यांदा कुणालाच काही सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसऱ्यांदा ज्याने विचारलं त्याला ऑपरेशनपासून सगळं सांगितलं, आणि संध्याकाळी वाटलं की आपण दिवसभर सांत्वनच करत होतो. त्यांचं!

आता वाटतं की साहेबांना किंवा मॅडमना आजाराचा इतिहास कमी आणि कामाची भाषा जास्त लागते. ‘मला थकवा येतो’ यावर समोरचा सहानुभूतीपलीकडे काही देऊ शकत नाही. ‘पुढचे सहा आठवडे मी अकरा ते तीन काम करेन, या दोन जबाबदाऱ्या पूर्ण घेईन, तिसरी नको, आणि दर दोन आठवड्यांनी आपण पुन्हा बघू’ यावर तो हो किंवा नाही म्हणू शकतो. जे ठरेल ते लेखी घ्या. सवलतींना शेवटची तारीख असली की द्यायला सोप्या जातात, पण त्या तारखेआधी फेरविचाराचा दिवसही ठरवून ठेवा. कायद्याने काय मिळतं ते प्रत्येक देशात वेगळं आहे, रजा संपण्याआधी ते वाचून घ्या.

सहकाऱ्यांसाठी एक ठरीव वाक्य पुरतं. ‘अगं, तू तर छान दिसतेस!’ याला मी ‘दिसते खरी, दुपारनंतर विचार’ असं म्हणायला लागले. हसू येतं आणि विषयही संपतो.

गोळी स्वतःहून बंद करणं

ही चूक मी सर्वांत गंभीर मानते, कारण बाकीच्या चुका आठवडे खातात, ही आयुष्यावर बेतू शकते. सांधे दुखतात, वाफा येतात, काम होत नाही, म्हणून गोळी गुपचूप सुटते आणि डॉक्टरांना पुढच्या भेटीतही सांगितलं जात नाही. हार्मोनची गोळी लवकर सोडल्याने आजार उलटण्याचा धोका वाढतो. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे. एक गोळी सोसत नसेल तर त्याच जातीतली दुसरी बऱ्याचदा सोसते. सांधेदुखीवर आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम याने वेदना कमी होतात, हे चाचणीत दिसलं आहे. गरम वाफांवर हार्मोनविरहित औषधं आहेत, बोलण्याच्या उपचारपद्धतीचाही उपयोग होतो. मात्र टॅमॉक्सिफेन चालू असताना उदासीसाठी किंवा वाफांसाठी औषध लिहून देणाऱ्याला ते आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं कार्यक्षम रूपांतर अडवतात, त्यामुळे ती टाळून वेगळी निवडतात.

योनीचा कोरडेपणा, शरीरसंबंधांतला त्रास हेही याच गोळ्यांमुळे वाढतं, आणि कुणी आपणहून विचारत नाही. तुम्हीच विचारा.

पहिल्या तीन महिन्यांत राजीनामा

तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर कामात लक्ष लागत नाही. पाठ दुखली तरी आजार हाडांत पसरला का, इथपर्यंत मन लगेच पोहोचतं. तो आठवडा आधीच हलका ठेवा, महत्त्वाचं सादरीकरण त्यात घेऊ नका. भीतीपोटी दर महिन्याला रक्तातले ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्या, करून घेण्याने भीती कमी होत नाही. लक्षणं नसताना ते नेमाने करण्याची शिफारसही नाही. वर्षातून एकदा मॅमोग्राम, नियमित तपासणी, आणि काही आठवडे टिकणारं नवं दुखणं असेल तर डॉक्टरांना सांगणं, एवढं पुरे.

अशाच एखाद्या आठवड्यात नोकरी सोडावीशी वाटते. कदाचित सोडणं योग्यही असेल. आजारानंतर काम नकोसं होणं, दुसरंच काही हवंसं वाटणं हे काही वेडेपण नाही, आणि सगळ्यांनी जुन्याच खुर्चीत परत बसावं असंही नाही. पण निर्णय वहीतल्या नोंदी बघून घ्या. माझ्या वहीत दुसऱ्या महिन्यात तीन वेळा ‘सोडून द्यावं’ असं लिहिलंय. तिन्ही वेळा आदल्या रात्रीची झोप चार तासांच्या आत होती.