बी.ए. पहिल्या वर्षाला लिहायला शिकवताना

नव्या वर्गाला ‘शेतकऱ्याचे जीवन’ हा विषय देऊ नका. दिलात की ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरू झालेले ताव गोळा होतात. लिहिणारं लेकरू मात्र आदल्या दिवशी बापासोबत परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सोयाबीन घालून आलेलं असतं!

मग विषय असा द्या: टेम्पो मोंढ्यात लागल्यापासून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडेपर्यंत काय काय होतं ते, मोंढा कधीच न पाहिलेल्या माणसाला कळेल असं लिहा. पण आधी तोंडी सांगू द्या. एकानं सांगायचं, शेजारच्यानं अडवायचं. ओलावा कोण बघतं, कशानं? १२ टक्क्यांच्या वर निघाला तर? हमाली, तोलाई कुणाकडून कापतात? ही अडवणूक भरपूर होऊ द्या, कारण पोरं ‘मग माल विकला’ एवढ्यावर सगळी दुपार उरकतात. प्रश्न समासात उतरवायचे आणि मग अर्धा तास कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा.

घरी शेती नसेल त्यांना दुसरं काही द्या. गंगाखेडकडच्या मुलांना कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाण्याआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) कशी घेतात ते, बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला कसा काढतात ते. दाखल्यावर एका मुलीनं लिहिलं होतं, ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या म्हणाले. उद्याचं भाडं कोण देणार ते म्हणाले नाहीत.’ हे मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते.

पहिल्या खर्ड्यात ‘कामून’, ‘करायलो’ असं बोलीतलं आलं तर येऊ द्या. तिथंच प्रमाण भाषेचा आग्रह धरला की पोरगं मोजकंच लिहून वही मिटतं. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन प्रमाण करून घ्या, माणसांचं बोलणं आहे तसं राहू द्या. अर्ज मात्र पहिल्यापासून प्रमाण मराठीतच.

आता लाल पेन. साहित्य महामंडळाचे १९६२चे शुद्धलेखनाचे नियम एकदम अंगावर घालू नका. एकच घ्या: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. पाणी, गहू. ‘आणि’ हा अपवाद फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा. हा नियम अंगवळणी पडेपर्यंत तेवढंच तपासा. सहकारी नाक मुरडतील, मुरडू द्या. पान लाल झालेलं लेकरू पुढच्या वेळी वेलांटी पक्की ठाऊक असलेलेच शब्द वापरतं, मग वाचायला उरतं काय?

भरलेल्या वर्गाच्या सगळ्या वह्या पूर्ण तपासणं एका माणसाचं काम नव्हे. मी एकच परिच्छेद वाचते आणि खाली एक प्रश्न लिहिते, ‘तुमच्या गावाहून मोंढ्यापर्यंत टेम्पोचं भाडं किती?’ असा. गाईडातून उतरवलेलं इथं लगेच उघडं पडतं. उत्तर मजकुरात घालून पुन्हा लिहायचं, आणि फेरलेखनाला पहिल्यापेक्षा जास्त मार्क ठेवायचे. नाहीतर वही परत येत नाही.