जड पाण्याच्या टँकसाठी मासे निवडताना

कोल्हापुरात घरी फिश टँक ठेवायचा असेल, तर मासे पाहण्याआधी पाणी पाहावे, आणि तेही मे महिन्यातले. नळाला येणारे नदीचे किंवा धरणाचे पाणी तुलनेने हलके, म्हणजे कमी क्षारांचे असते. मात्र उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले, की अनेक अपार्टमेंटमध्ये गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते. बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, म्हणून ते जड किंवा कठीण. गिझरमध्ये आणि नळाच्या तोंडाशी साचणारा पांढरा थर त्यांचाच. नदीच्या पाण्यावर निर्धास्त राहणाऱ्यांनीही 2019 आणि 2021 चा महापूर आठवावा. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने तेव्हा शहराचा नळ काही दिवस बंद होता आणि टँकर व बोअरवरच भागवावे लागले होते. वर्षभरात टँकमध्ये ओतावे लागणारे सर्वांत जड पाणी कोणते, हे ठरले की माशांची यादी आपोआप लहान होते.

मोजणीसाठी थेंबांचे किट घ्यावे. पट्ट्या स्वस्त असतात, पण त्यांवरचे रंग अंदाजानेच वाचावे लागतात. नेहमीच्या किटमध्ये 5 मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकून नळी हलवायची असते. एकूण कठीणपणाच्या, म्हणजे जीएचच्या चाचणीत नारिंगी पाणी हिरवे होईपर्यंत आणि कार्बोनेटच्या, म्हणजे केएचच्या चाचणीत निळे पाणी पिवळे होईपर्यंत जितके थेंब लागतील, तितके अंश धरावेत. प्रयोगशाळेचा अहवाल असेल, तर त्यातील मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आकड्याला 17.9 ने भागावे. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप, मात्र पाणी काढल्याबरोबर मोजू नये. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने आकडा कमी दिसतो. बादलीत एअर पंपाचा दगड सोडून ते दिवसभर ठेवावे आणि मग मोजावे.

जीएच 12 अंशांच्या वर आणि केएचही तसाच चढा निघाला, तर पाणी बदलण्याच्या खटाटोपात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएच उतरवण्याची जी आम्लयुक्त औषधे दुकानात मिळतात, त्यांचा परिणाम केएच जास्त असलेल्या पाण्यात टिकत नाही; पीएच खाली जातो, पुन्हा मूळ जागी येतो, आणि या वरखाली होण्याचा त्रास माशांना चढ्या पण स्थिर पीएचपेक्षा अधिक होतो. बदामाची सुकी पाने पाण्याला रंग देतात, त्यापलीकडे अशा पाण्यात फारसे काही करत नाहीत. मिठावर चालणारा घरगुती सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम आणून ठेवतो आणि केएच आहे तसाच राहतो, त्यामुळे तोही निरुपयोगीच. आरओचे किंवा पावसाचे पाणी ठरावीक प्रमाणात मिसळणे हा एकच खरा उपाय आहे. मात्र पावसाचे साठवलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत क्वचितच पुरते, आणि दर आठवड्याला आरओचे पाणी भरून ठेवणे जमणार नसेल, तर ते सुरूच करू नये.

आता मासे. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही पिल्ले देणारी मंडळी जड पाण्यात नुसती तगत नाहीत, तर खुलतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-हौदांत सोडली जाणारी साधी गप्पी किती चिवट असते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुकानातली लांब शेपटीची गप्पी तितकी दणकट नसली, तरी पाण्याची आवड तीच. मोलीला तर हलके पाणी सोसत नाही. अशा पाण्यात ती पंख अंगाशी मिटून एकाच जागी डोलत राहते. म्हणून ज्यांच्या घरी आठ महिने नळाचे आणि चार महिने बोअरचे पाणी असते, त्यांनी मोलीपेक्षा झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब, प्लॅटी किंवा गुरामी यांसारखे दोन्हीकडे जुळवून घेणारे मासे घ्यावेत. टँक चार फुटांचा आणि सुमारे 200 लिटरचा असेल, तर पिवळ्या लॅबसारखे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड शोभून दिसतात. त्या सरोवराचा पीएच साधारण 7.8 ते 8.6 असल्याने बोअरचे पाणी त्यांना परके वाटत नाही. मात्र हे मासे भांडखोर असतात, त्यांच्यात गप्पी सोडू नये.

डिस्कस, कार्डिनल टेट्रा आणि रॅम सिक्लिड या हलक्या पाण्यातल्या माशांचा मोह टाळावा. निऑन टेट्रा हल्ली बहुधा पैदास केंद्रांतलेच असल्याने मध्यम कठीण पाण्यात निभावतात, पण 15 अंशांच्या पाण्यात मी ते सोडणार नाही. वनस्पतींपैकी व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट छान वाढतात.

संख्या ठरवताना एक रासायनिक बाब ध्यानात ठेवावी. 25 अंश सेल्सियसला पीएच 7 असलेल्या पाण्यात, माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्धा टक्क्याच्या आसपास असतो, पीएच 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून पीएच बहुधा चढा असलेल्या जड पाण्याच्या टँकमध्ये मासे कमी ठेवावेत, खाणे बेताने घालावे आणि नव्या टँकमध्ये सगळे मासे एकदम सोडू नयेत. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. काचेवर पाण्याच्या पातळीला उमटणारी पांढरी रेघ ते सांगतेच. नुसती भर घालत राहिल्यास कठीणपणा वाढत जातो, त्यामुळे दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून मगच नवे भरावे.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला त्यांच्या टाक्यांत बोअरचे पाणी आहे की नळाचे, हे विचारावे, आणि शक्य तर गावातच वाढवलेले मासे घ्यावेत. दोन्ही पाण्यांत मोठा फरक असल्यास पिशवीतले मासे बादलीत घेऊन, एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टँकचे पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तासभर तरी त्यात पडू द्यावे. त्यानंतर मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडावेत. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये.