गव्हाची पेंढी कुठे आहे?

कलेतिहासाच्या पहिल्या वर्षी मला पोर्तिनारी वेदीचित्रावर निबंध लिहायचा होता. ह्यूगो व्हान डर गूस या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचं येशूजन्माचं हे तीन फलकांचं, १४७०च्या दशकातलं काम आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. ग्रंथालयातून प्रतीकांचा कोश आणला आणि यादी उतरवून काढली. फुलांपैकी लाल कार्नेशन म्हणजे क्रुसाचे खिळे, व्हायोलेट म्हणजे नम्रता, कोलंबाइन म्हणजे मरियेची दुःखं; आणि गव्हाची पेंढी म्हणजे पवित्र भाकर. आठ पानं भरली! बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "गव्हाची पेंढी चित्रात कुठे आहे गं?"

मला सांगता येईना. चित्र मी मोबाइलवर, बोटांनी मोठं करत, तुकड्यातुकड्यांनीच पाहिलं होतं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना सांगते, आधी कोश मिटा आणि अख्ख्या चित्राचं पोस्टकार्डाएवढं कच्चं रेखाटन करा. हात चांगला नसला तरी चालतो, माझाही नाही. रेखाटताना लगेच लक्षात येतं की मधल्या फलकाच्या मध्यावर जवळजवळ काहीच नाही. मोकळी जमीन आणि तिच्यावर उघडं, इवलंसं मूल. अंगाखाली ना गवत, ना दुपटं. मरिया, योसेफ, देवदूत, मेंढपाळ सगळे त्या रिकाम्या जागेभोवती कडं करून आहेत. उजवीकडचे मेंढपाळ तर धावतच आलेत, एकाचं तोंड अजून उघडं आहे. बाजूच्या फलकांवर चित्र करवून घेणारं पोर्तिनारी कुटुंब गुडघे टेकून बसलंय आणि मागे उभे संत त्यांच्यापुढे राक्षसी मोठे. "चित्रकाराला प्रमाण साधलेलं नाही" असं मी बेधडक लिहिलं होतं. तसं लिहू नका. इथे आकार अंतरावर नाही, मानावर ठरतो.

आता पेंढी. ती बाळाच्या पुढ्यात, चित्राच्या खालच्या कडेजवळ, जमिनीवर आडवी आहे. तिथेच का, हे चित्र मुळात कुठे होतं ते पाहिल्यावर उलगडतं. चित्र करवून घेणारा तोमासो पोर्तिनारी हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बँकेचा, आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरातला माणूस. फ्लॉरेन्सचं सांता मारिया नुओवा हे रुग्णालय त्याच्याच पूर्वजाने, फोल्कोने, १२८८ मध्ये स्थापलेलं. त्या रुग्णालयाच्या चर्चमधल्या मुख्य वेदीसाठी हे चित्र होतं. १४८३ मध्ये ते समुद्रमार्गे आलं आणि सोळा हमालांनी ते तिथवर वाहून नेलं. मधला फलकच अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद!

मिस्सा या ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. तीत धर्मगुरू वेदीपाशी पवित्र भाकर उंच धरत, तेव्हा तिच्यामागे दिसणार गव्हाची पेंढी आणि बाळ. बेथलेहेमचा अर्थच 'भाकरीचं घर'. पेंढीपुढची काही फुलं औषधांच्या बरणीत खोचलेली आहेत. रुग्णालयाच्या चर्चमध्ये आजाऱ्यांना ती बरणी ओळखीचीच. तिच्यावर द्राक्षवेल रंगवलेली आहे, म्हणजे भाकरीशेजारी द्राक्षारसही आला. देवदूतांच्या अंगावर मिस्सेतल्या साहाय्यकांची वस्त्रं आहेत, मुख्य धर्मगुरूचा झगा एकाच्याही नाही. तो मान बाळाचा.

डावीकडे काढून ठेवलेलं पायताण मात्र मला कोशाशिवाय कळलं. पवित्र जमिनीवर उभा आहेस, पायताण काढ, असं बायबलमध्ये देवाने मोशेला सांगितलं होतं. देवळाच्या पायरीशी चपला काढत वाढलेल्याला आणखी काय समजवायचं?

पुढचा अभ्यास हवा असेल तर डोमेनिको गिर्लांदायो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचं याच विषयावरचं १४८५चं चित्र याच्याशेजारी ठेवा. ते फ्लॉरेन्समध्येच, सांता त्रिनिता चर्चच्या सास्सेत्ती चॅपेलमध्ये आहे. मेंढपाळ त्याने उघडउघड ह्यूगोकडून उचलले, पण धावपळ काढून टाकली. त्याच्याकडे मूल नुसत्या मातीवर नाही, आईच्या झग्याच्या घोळावर निजलंय. मी अजून तिथेच अडकले आहे.